दगड दिसेपर्यंत: राजमाचीच्या वाटेवरचे सव्वादोन तास

पावसाळी सहलींच्या दोनच प्रकारच्या नोंदी आपल्याकडे राहतात. एक मोबाइलमधल्या फोटोंची, दुसरी वर्तमानपत्रातल्या बातमीची. ज्या दिवशी काही होता होता राहिलं, त्या दिवसाची नोंद कुणी ठेवत नाही. आमच्या सात जणांच्या एका जुलैतल्या रविवारचं हे प्रकरण तसलंच. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तरीही ते लिहावंसं वाटलं, कारण ओढ्याकाठी सव्वादोन तास बसल्यावर एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. आम्हाला पाण्यात ढकलायला निघालं होतं ते पाणी नव्हतं, घड्याळ होतं.

माणसं कोण, ते आधी सांगतो. नावं देत नाही, कामांवरून ओळखा. ज्यानं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला तो संयोजक. एक बँकवाला. एक फिजिओथेरपिस्ट, तिला सगळे फिजिओच म्हणतात. एक नवरा-बायको. त्या बायकोच्या ऑफिसातली एक मुलगी, जी आमच्यापैकी कुणालाच ओळखत नव्हती. आणि मी. सगळे तिशीतले, पुण्यातले, आठवडाभर खुर्चीत बसणारे. वर्षाला एक सिंहगड झाला की आपण ट्रेकर आहोत असं वाटणारे.

बेत सुरुवातीला लोणावळ्याचा होता, म्हणजे भुशी धरण, टायगर पॉइंट, कणीस, भजी आणि येताना चिक्की. बँकवाला म्हणाला, रविवारी भुशीला माणसांचीच भिंत असते, पाणी दिसत नाही. ते खोटं नव्हतं. मग लोणावळ्याहून राजमाची ठरली. लोणावळ्यापासून तुंगार्लीवरून राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत वाट साधारण 15 किलोमीटरची. चढ फारसा नाही, पण येऊन-जाऊन 30 किलोमीटर एका दिवसात आम्हाला झेपणार नव्हते. म्हणून जीप करायची, ती जाईल तिथपर्यंत न्यायची आणि पुढचं चालायचं. जीपवाला तिथंच थांबेल, संध्याकाळी परत आणेल.

इथंच पहिली गाठ बसली, आणि तेव्हा ती कुणालाच दिसली नाही. जीपवाल्याशी बोली झाली "पाचपर्यंत थांबतो" अशी. बँकवाल्याला रात्री साडेआठला सासुरवाडीला जेवायला जायचं होतं. लोणावळ्याहून पुण्याला लोकलनं सव्वा तासाच्या वर जातो. ही सगळी गणितं उलटी मांडत गेलं तर ओढ्यापाशी साडेचारच्या आत पोचायलाच हवं होतं, आणि पोचल्यावर लगेच पलीकडे जायला हवं होतं. ओढा आपल्याला लगेच जाऊ देईल हे आम्ही धरूनच चाललो होतो. खरं तर ओढा नावाची गोष्ट आमच्या गणितात नव्हतीच.

हवामान? ते पाहिलं होतं. संयोजकानं आदल्या रात्री ग्रुपवर ॲपचा स्क्रीनशॉट टाकला होता: 'हलक्या सरी, 26 अंश'. वर बारीक अक्षरात 'पुणे' असं लिहिलेलं होतं. पुणे शहरात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात तो 4000च्या घरात जातो. ढग समुद्रावरून येतात, सह्याद्रीच्या कड्याला थटून वर चढतात आणि घाटमाथ्यावरच रिकामे होतात. पुण्यापर्यंत येते ती उरलीसुरली भुरभुर. हवामान खातं पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतं, तो याच कारणासाठी. त्या दिवशी घाटमाथ्याला ऑरेंज अलर्ट होता. हे आम्हाला सोमवारी कळलं. त्या ग्रुपवर मी नंतर मोजलं: डब्यात काय आणायचं यावर 43 मेसेज, हवामानावर एक, आणि तोही चुकीच्या गावाचा.

सकाळ

सकाळची लोकल पकडली. तळेगाव गेलं, कामशेत गेलं, मळवलीला लोहगड-विसापूरची गर्दी उतरली आणि डबा मोकळा झाला. लोणावळ्याला वडापाव, चहा, मग जीप. तुंगार्लीचा चढ संपला तसं धुकं आत यायला लागलं. साडेनऊला जीप एका ओढ्याशी थांबली. पलीकडचा रस्ता म्हणजे नुसते गोटे होते. जीपवाले दादा म्हणाले, "इथनं पुढं तुमचे पाय."

ओढा फार तर बारा-पंधरा पावलं रुंद. काठाशी पाणी घोट्यापर्यंत आणि मध्ये एक घळ, तिथं गुडघ्याच्या जरा खाली. घळीच्या खालच्या अंगाला एक काळा, वरून सपाट दगड होता. बायको त्यावर जाऊन बसली, नवऱ्यानं तिचा फोटो काढला. हा फोटो पुढं कामाला येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

दादांनी निघताना एक वाक्य टाकलं: "दुपारी धरलं तर लवकर निघा बरं का." सातांपैकी पाच जणांनी ते ऐकलं. मी त्यातला एक. आम्ही मानही डोलावली. पण 'धरलं' म्हणजे किती आणि 'लवकर' म्हणजे किती वाजता, हे कुणी विचारलं नाही. मावळातल्या माणसाला त्या दोन शब्दांत सगळं कळतं. आम्हाला काही कळलं नव्हतं, पण कळल्यासारखं वाटलं.

उधेवाडीला पोचेपर्यंत बारा वाजले. श्रीवर्धन आणि मनरंजन, दोन्ही बालेकिल्ले ढगात. संयोजकाचा वर जायचा हट्ट होता. आम्ही दोन्हींच्या मधल्या भैरवनाथाच्या देवळापर्यंत गेलो, दहा फुटांपलीकडचं दिसेना म्हणून परत फिरलो. मग एका घरात पिठलं, नाचणीची भाकरी, ठेचा. साडेबाराला पाऊस धरला. धरला म्हणजे काय ते तेव्हा समजलं. पत्र्यावर आवाज इतका की समोरच्याशी बोलायला ओरडावं लागत होतं. घरातल्या मावशी म्हणाल्या, "बसा जरा, एवढ्यात कुठं निघता?" आम्ही बसलो. उबेत, पोटभर जेवून, अंगावर वाळायला आलेले कपडे घेऊन बसण्यात जे सुख असतं ते सगळं घेतलं. पावणेदोनला बँकवाल्यानं उठवलं. त्याचंही बरोबर होतं आणि मावशींचंही. अडीचला पाऊस उघडला तेव्हा आम्ही वाटेवर होतो आणि आम्हाला वाटलं, सुटलो.

चार वाजून पाच मिनिटं

ओढा दिसायच्या आधी ऐकू आला. सकाळी तिथं झुळझुळ होती, आता एकसलग घरघर होती, मध्येच आतून गोटे घरंगळल्याचा दबका आवाज. पाणी चहाच्या रंगाचं. आणि तो सपाट दगड तिथं नव्हता.

पलीकडे जीप उभी होती. हे सगळ्यांत वाईट. पंधरा पावलांवर आपली गाडी, आपला ड्रायव्हर, आतल्या पिशवीत कोरडे कपडे. ती जीप एक वळण पलीकडे असती तर आम्ही निमूट बसलो असतो असं मला आजही वाटतं. दादांनी दोन्ही तळहात आमच्याकडे करून 'थांबा' अशी खूण केली.

ऊन पडायला लागलं होतं, मग पाणी का वाढलं? याचं उत्तर नंतर कागदावर मांडलं तेव्हा सोपं निघालं. घाटमाथ्याचा दगड बसाल्ट, त्यावर मातीचा थर पातळ, आणि जुलैपर्यंत ती माती पाणी पिऊन तट्ट झालेली. नवा पाऊस मुरायला जागाच नाही. अशा उतारावर एक चौरस किलोमीटरवर 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर ते 5 कोटी लिटर पाणी होतं, आणि त्यातलं बरंचसं तासा-दोन तासांत एकाच चिंचोळ्या घळीतून वाट काढतं. डोक्यावर ऊन आहे की ढग, याच्याशी त्या घळीला देणंघेणं नसतं. तिला वर काय पडलं तेवढंच माहीत असतं.

काठावर आमच्याआधी एक मामा येऊन बसले होते. उधेवाडीकडचेच, लोणावळ्याला कुणासाठी तरी औषध आणायला निघालेले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं आणि बिडी पेटवली.

पहिली पंधरा मिनिटं जे बोलणं झालं ते आठवेल तसं लिहितो, कारण प्रकरणाचा गाभा तिथं आहे.

बँकवाला: "मांडीपर्यंत असेल. हात धरून साखळी करू."

नवरा: "मी पुढं होतो. मला पोहता येतं."

संयोजक काहीच बोलला नाही. बेत त्याचा होता, त्यामुळे 'थांबू' म्हणणं म्हणजे बेत चुकला म्हणणं, असं त्याला वाटत होतं. हे त्यानं नंतर स्वतः सांगितलं. मीही गप्प होतो. मला भीती वाटत होती आणि ती आपल्याला एकट्यालाच वाटतेय असं वाटत होतं.

मग ती नवी मुलगी म्हणाली, "मला पोहता येत नाही. मी उतरणार नाही. तुम्ही जा, मी मामांबरोबर थांबते."

आवाज चढवून नाही, कुणाला समजावण्यासाठीही नाही. आमच्या पंधरा वर्षांच्या मैत्रीत कुणी कुणाला भित्रा म्हटलं होतं, कोण कुठल्या ट्रेकला मागं राहिलं होतं, यातलं काही तिला ठाऊक नव्हतं. जपायला तिच्याकडे आमच्यातली पत नव्हती. तिचं वाक्य आल्यावर फिजिओ लगेच म्हणाली, "मीपण नाही." मग बायको. मग मी, चौथा. याचा मला अभिमान नाही.

साखळीबद्दल फिजिओचं म्हणणं मला आजही पटतं. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. वर पाणी माणसाला उचलतं, म्हणजे पायाखालची पकड सुटायला लागते, आणि तळ दिसत नसल्यानं पाऊल कुठं पडतंय ते कळत नाही. साखळीतला एक घसरला तर बाकीच्यांना त्याला धरून ठेवायचंय आणि स्वतःही उभं राहायचंय. "पेशंटला एका पायावर उभं करताना मी बाजूला टेबल ठेवते," ती म्हणाली. "इथं टेबल कुठाय?"

त्या वेळी भुशीचं नाव कुणी घेतलं नाही, पण ते सगळ्यांच्या डोक्यात असणार. 30 जून 2024, तोही रविवारच. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात हडपसरच्या एका कुटुंबातली पाच माणसं, एक बाई आणि चार मुलं, प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभी होती. पाणी वाढलं आणि काठावरच्या लोकांदेखत ती गेली. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्यांनी एकमेकांना धरलेलंच होतं.

मामांनी बिडी विझवली. "घाई कशाला? वर उघडलंय. पानी उतरंल की." मग बोट दाखवून म्हणाले, "तिथं एक चपटा दगूड हाय. आत्ता त्येच्यावरनं वीतभर पानी चाललंय. दगडाचं डोकं उघडं पडून खाली हातभर सुटला, की आमी उतरतो. त्याआधी नाय."

बँकवाल्याचा फोन

वाद तिथं मिटायला हवा होता, पण बँकवाला शांत होईना. काठाशी येरझाऱ्या, दर दोन मिनिटांनी घड्याळ. "अरे, साडेआठला तिकडं माणसं जमणारेत, माझी बायको एकटी काय सांगेल?" आम्ही त्याला जेवणाच्या ताटासाठी जीव धोक्यात घालणारा समजलो आणि दोन-तीन टोमणेही मारले. ते चुकलं.

नवी मुलगीच म्हणाली, "तुम्हाला जायचंय की कळवायचंय?"

तो थांबला. "कळवलं तरी चालेल." नेटवर्क नव्हतं. ओढ्याच्या आवाजात पलीकडे शब्द पोचत नव्हते. मग नवऱ्यानं दादांचं लक्ष वेधून फोन कानाला लावल्याची खूण केली आणि बँकवाला बोटांनी आपल्या बायकोचा नंबर दाखवायला लागला. एकेक आकडा, शून्याला बंद मूठ. पाचाच्या पुढचा आकडा आला की दोन्ही हात. दादा प्रत्येक आकडा मोबाइलवर दाबून अंगठा वर करायचे. सातवा आकडा दोनदा चुकला. दहा आकड्यांना चारेक मिनिटं लागली, आणि त्या चार मिनिटांत पहिल्यांदाच आम्ही सगळे हसलो. दादा जीप वळवून रेंज मिळेल तिथवर वर गेले, वीस मिनिटांनी परत आले आणि हात हलवून 'झालं' म्हणाले.

त्यानंतर बँकवाला एका दगडावर बसला आणि त्यानं पिशवीतून चकली काढली. परत एकदाही घड्याळ पाहिलं नाही. इतर कारणांपेक्षा मी याला जास्त वजन देतो. त्याला पाण्यात उतरवत होती ती पोचण्याची निकड नव्हती, सांगता न येण्याची होती. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. घाई करणाऱ्याला आपण धोका समजावत बसतो. धोका त्याला दिसतच असतो.

दुसरं काम फिजिओनं केलं. तिनं विचारलं, दगड दिसलाच नाही तर? मामा म्हणाले, मागं अर्ध्या तासावर त्यांच्या ओळखीचं घर आहे, पाठ टेकायला जागा मिळेल. मग ठरलं: साडेसहापर्यंत मामा 'चला' म्हणाले तर उतरायचं, नाहीतर उजेड असेतो मागं फिरायचं. हे ठरल्यावर 'आता जाऊया का' हा प्रश्नच गेला. वाद घालायला कुणी उरलं नाही, सगळे नुसते एका जागी बघत बसलो. काठावर पाण्याच्या कडेला संयोजकानं एक काटकी खोचली. पंधरा मिनिटांनी काटकी कोरड्यात होती. दुसरी खोचली. सहापर्यंत काटक्यांची एक रांगच झाली.

पावणेसहाच्या सुमाराला पाण्यावर एक सुरकुती दिसायला लागली, मग काळं टोक. नवरा उठला. मामा म्हणाले, "हातभर सुटू द्या." सहा वीसला त्यांनी बिडीचं बंडल खिशात घातलं, धोतर खोचलं आणि "चला" म्हणाले. काठी टेकत, पाण्याला तोंड करून, एका वेळी एक जण. बूट काढायला लागलेल्या बायकोवर ते ओरडले: बूट काढायचे नाहीत. पाणी घळीत मांडीच्या खाली होतं आणि तेवढ्याचाही जोर इतका, की पाऊल उचललं की ते टाकायच्या जागेपासून बाजूला जायचं. मला पलीकडे जायला दीड मिनिट लागलं असेल. त्यात मी काहीही विचार केला नाही.

दादांनी थांबण्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत. आम्ही दिले. मामांना लोणावळ्याच्या मेडिकलच्या दारात सोडलं. रात्री उशिरा पुण्यात पोचलो. दादांनी फोनवर काय सांगितलं होतं ते बँकवाल्याच्या बायकोनं नंतर ऐकवलं: "ताई, साहेब ओढ्यापल्याड अडकलेत, पण बसलेत. उभे न्हाईत." ती म्हणाली, त्या 'बसलेत'मुळेच तिला धीर आला.

जानेवारीत

हे प्रकरण लिहायचं ठरल्यावर एक गोष्ट खटकत होती. 'मांडीपर्यंत असेल' हा चार वाजताचा अंदाज किती चुकीचा होता? की बरोबरच होता आणि आम्ही उगाच थांबलो? जानेवारीत बँकवाला आणि मी परत गेलो, सोबत सुताराची टेप, दोरी आणि पाणसळ. ओढा कोरडा होता, घळीत थोडं डबकं आणि त्यात बेडकं. सपाट दगड जागेवर होता. मोबाइलमधला सकाळचा फोटो काढून पाहिला. बायको दगडावर बसलीय, पाय लोंबताहेत आणि पाण्याला टेकलेले नाहीत. काठावर बसल्या बसल्या हा फोटो कुणीही उघडून पाहू शकलं असतं. नवऱ्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये तो होता.

दगडाच्या माथ्यापासून दोरी आडवी ताणली, पातळी जुळवली आणि जिथून साखळी करून जायचं चाललं होतं तिथं, घळीच्या तळापर्यंत टेप सोडली. 95 सेंटीमीटर. त्यावर मामांची वीत. बँकवाला घळीत उतरून उभा राहिला, टेपचं टोक बुटाशी धरलं आणि मी 115वर बोट ठेवलं. बोट त्याच्या बेंबीच्या वर आलं.

तो तसाच थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "टेप सोड आता."